सर पायी उतरले

आमच्या खिडकीतून समोरचा फिजिओथेरपीचा दवाखाना दिसतो. इतका जवळ, की मी हात केला तर तिथल्या बाईही हात करतात. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सहा आठवडे रोज तिथे जायचं, नाहीतर पाय कायमचा आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मधे फक्त रस्ता. माझ्या वॉकरने चाळीस पावलं.

पण त्या रस्त्यावर गाड्या अशा सुटतात, जणू प्रत्येकाने घरी गॅसवर दूध ठेवलंय. ओलांडायला पांढरे पट्टे आहेत. ते पाहून कुणी थांबल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

आमचे हे ड्रायव्हिंग शिकवतात. सव्वीस वर्षं. "निम्मं शहर माझ्या हाताखालून गेलंय," हे ते पाहुण्यांना चहाआधीच सांगतात. त्यांनी उपाय काढला, तोही गाडीचाच. मला गाडीत बसवायचं, गाडी वळवायला जागा थेट दोन किलोमीटरवर, म्हणून तिथवर न्यायचं, तिथून वळून दोन किलोमीटर मागे आणून समोरच्या दारात उतरवायचं. पाच दिवस मी हे सोसलं. गाडीत चढता-उतरताना गुडघ्याची जी वाट लागायची, ती निस्तरण्यातच बाईंचा अर्धा वेळ जायचा.

सहाव्या दिवशी मी म्हटलं, "अहो, चालायला शिकायला गाडीतून काय जायचं? मी चालत जाणार."

"अगं, तिथे कुणी थांबत नाही."

"तुमचेच विद्यार्थी ना सगळे?"



ते माझी पिशवी धरून फुटपाथवर उभे राहिले. जरा मोकळं दिसल्यावर मी निघाले. विसाव्या पावलाला एक निळी गाडी भरधाव अंगावर आली. मला ना पुढे जाता येईना, ना मागे.

आता ह्यांची एक खोड सांगायला हवी. शिकवायच्या गाडीत ह्यांच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. त्यामुळे धोका दिसला की ह्यांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जातो, मग ते कुठेही असोत. टीव्हीसमोरची सतरंजी त्या जागी विरली आहे. तर ह्यांनी फुटपाथवर दाणकन पाय आपटला आणि ओरडले, "ब्रेक!"

गाडी वॉकरपासून हातभर अंतरावर थांबली. आतली मुलगी पांढरीफटक पडली होती. "सर," ती म्हणाली, "मला वाटलं तुम्ही शेजारीच बसलाय."

ह्यांची छाती फुगली. "बघितलंस? हिला शिकवून तीन वर्षं झाली, अजून पाय ऐकतो." मग तिच्यावर डाफरले, "पट्टे दिसले नाहीत का?"

"दिसले ना सर. पण तुम्हीच सांगितलं होतं, पट्ट्यांवर रेंगाळायचं नाही, मागचा येऊन ठोकतो. हॉर्न द्यायचा आणि निघायचं."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्या पिशवीची चेन तपासायला घेतली. मला असा काही राग आला, की उरलेली वीस पावलं गुडघा दुखला की नाही हेही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर फुटपाथवर चार शिकाऊ रांगेत उभे, आणि गाडीला कुलूप.

"आज गाडी नाही," हे म्हणाले. "काकूंच्या मागून पलीकडे जायचं. काकूंना ओव्हरटेक करायचं नाही."

"सर, हे टेस्टमध्ये असतं?" एकीने विचारलं.

"माझ्या टेस्टमध्ये असतं."

आमची वरात निघाली. चहूबाजूंनी हॉर्न. एका टेम्पोने तर नाक आमच्यात खुपसलं. शिकाऊंपैकी एक किराणा दुकानदार माझ्या मागेच होता, तो म्हणाला, "काकू, जरा लवकर."

"माझा हाच टॉप गिअर आहे."

मधोमध आल्यावर मी वळून पाहिलं, तर सर अजून फुटपाथवरच. एक पाय खाली टाकत होते, मागे घेत होते. ह्या माणसाला मी कोपऱ्यावर साबण आणायलासुद्धा पायी जाताना पाहिलेलं नाही. हसणार होते, पण त्यांचा चेहरा पाहून हसू आलं नाही. वाईट वाटलं.

चौघांना पुढे पाठवलं आणि वॉकर वळवून मी परत गेले. "चला."

"गाड्या येतायत गं."

"मी आहे ना. हे धरा. जोर देऊ नका, माझंही वजन आहे त्यावर."

दोघांनी एकच वॉकर धरून आम्ही निघालो. आठ-दहा पावलांनंतर ते हळूच म्हणाले, "आज इतक्या जोरात का येतायत ह्या?"

"रोजच्याच वेगाने येतायत," मी म्हटलं. "तुम्ही आज खाली उतरलायत."

पलीकडे पोचेपर्यंत त्यांनी वॉकर सोडला नाही, आणि मीही सोडा म्हटलं नाही.