दादा आजचा दिवस चालेल

दीड तासात सुशी शिका, अशी पाटी आमच्या दारावर लागली त्याला चार वर्षं झाली. लावली माझ्या धाकट्या भावानं, मिचिओनं. शिकवतो मी. एकोणपन्नास वर्षं या कानाझावात माशांत घालवलीत मी. बापानं सुरीला हात लावू दिला तो चौथ्या वर्षी. आणि हे लोक येतात कुठून कुठून, हॉटेलात बॅगा टाकतात, दीड तासात सुशी शिकतात, आपणच केलेल्या सुशीचे फोटो काढतात आणि दुपारच्या गाडीनं क्योतोला जातात. शिकले म्हणे! कपाळ माझं.

तरी मी शिकवायचो. जुनी गिऱ्हाइकं एकेक करून गेली, कुणी मसणात, कुणी मुलाकडे तोक्योला. बापाचं दुकान बंद करण्यापेक्षा हे बरं, असं मिचिओ म्हणाला आणि मी मान हलवली. मला बाकी काही नकोच होतं. लग्न केलं नाही, घर केलं नाही, दुकानावरच्या खोलीत झोपतो. सकाळी खाली उतरायचं, डोक्याला फडकं बांधायचं आणि त्या देवदाराच्या फळीमागे उभं राहायचं. मरेपर्यंत तेवढं राहू दे, एवढंच मागणं. समोर बसलेला माणूस सुशी खाणारा असो नाहीतर सुशीचा चिखल करणारा असो.

माझी जीभ तिखट आहे, हे मला ठाऊक आहे. कुणी भाताची मूद दाबून दाबून लगदा केला की माझ्या डोक्यात जातं. "अहो बाई, मारायचा आहे का तो भात?" असं मी म्हणतो आणि आमची रित्सुको त्याचं गोड इंग्रजी करून सांगते. रित्सुको बेचाळीस वर्षांची, आधी विमान कंपनीत होती, आता आमच्याकडे दुभाषी. माझ्या एका वाक्याची तिची तीन वाक्यं होतात आणि शेवटी सगळे हसतात. काय सांगते देव जाणे. पण हात चांगला आहे तिचा, हलका. गेल्या हिवाळ्यात पर्यटक कमी होते तेव्हा मीच तिला मूद पाडायला शिकवायला घेतलं. अर्धं वर्ष लागलं तिला. मनातल्या मनात मी खूश झालो होतो, तोंडानं अर्थातच बोललो नाही.

तर तो गुरुवार. सकाळी मी मागच्या बाजूला तांदूळ धूत होतो. पडद्याआड मिचिओ आणि त्याची बायको सातोए बोलत होती.

"आता पुढे ढकलू नका हं," सातोए म्हणत होती. "लोक नाकं मुरडायला लागलेत. परवा त्या बाईनं तर चक्क नेटवर लिहिलं."

"माहितेय गं मला. दादा आजचा दिवस चालेल. उद्यापासून नाही. उद्याचं नवीन तयारच आहे."

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. गिऱ्हाइकासमोर आम्ही 'शिळं' हा शब्द काढत नाही. आधीचा माल असतो त्याला दादा म्हणायचं आणि आजच्या ताज्याला धाकटा. 'दादाला आधी काढ' म्हटलं की कामाच्या माणसाला कळतं, कालचा मासा आधी संपवायचा. समोर बसलेला माणूस मजेत जेवत असतो, त्याला वाटतं हे भावाभावांचं काही बोलणं चाललंय. बापाच्या तोंडून मी हा शब्द शिकलो, मिचिओही तिथूनच शिकला. दिवसातून वीसदा आम्ही तो उच्चारतो.

म्हणून मला वाटलं, मंगळवारचा बांगडा. मीठ लावून व्हिनेगरमध्ये मुरवलेला बांगडा दोन दिवस छान राहतो, तिसऱ्या दिवशी नाक वाकडं करणारे भेटतातच. मी हात पुसत आत गेलो.

"दादाचं ऐकलं मी," मी म्हणालो. "त्यात एवढं कुजबुजायचं काय?"

मिचिओच्या हातातून चिमटाच पडला. सातोए भिंतीकडे बघायला लागली.

"ऐकलंस?" मिचिओ म्हणाला.

"बहिरा नाही झालो अजून. बरोबर आहे तुझं. तुझ्या जागी मी असतो तर कालच काढला असता. उगाच लोभानं ठेवायचं, मग वास सुटतो आणि सगळ्या दुकानाचं नाव जातं. आज मीच काढतो, तू काळजी करू नकोस."

मिचिओ माझ्याकडे बघत राहिला. मग तो वाकला, इतका खाली की टक्कल दिसलं त्याचं, आणि वर आला तेव्हा डोळ्यांत पाणी.

"दादा," तो म्हणाला, "तुझे उपकार झाले."

एका बांगड्यासाठी रडतोय माझा भाऊ! पन्नाशी उलटली की काही माणसं हळवी होतात, आमच्या काकाचंही तसंच झालं होतं. मी त्याच्या खांद्यावर थाप मारली. "वेडा आहेस," म्हणालो. पण खरं सांगतो, बरं वाटलं. किती वर्षांत त्यानं माझं एवढं ऐकून घेतलं नव्हतं.

त्या बऱ्या वाटण्यातच मी वर्गाला उभा राहिलो. आठ जण होते. तीन बहिणी स्पेनच्या, नुसत्या खिदळत होत्या. एक डच नवराबायको. बाप आणि त्याची मोठी मुलगी, कॅनडाचे. आणि अर्जेंटिनाची एक म्हातारी, एकटीच, हात थरथरत होते तिचे. मी कुणावर खेकसलो नाही. डच माणसानं मूद अशी आवळली की बोटांचे ठसे उमटले, तरी मी म्हणालो, "थोडी सैल, साहेब. पिलू धरलंय असं समजा." रित्सुकोनं माझ्याकडे चमकून पाहिलं. या खेपेला तिला एकाच वाक्यात भागवता आलं.

म्हातारीच्या हाताला जोरच नव्हता. त्यामुळे तिची मूद आपोआप हलकी पडली, आत हवा राहिलेली, उचलली तर टिकेल आणि तोंडात सुटेल अशी. मी ती खाल्ली.

"बरोबर," मी म्हणालो.

"काय?" रित्सुको म्हणाली.

"बरोबर आहे म्हणून सांग तिला. चार वर्षांत पहिली."

रित्सुकोनं सांगितलं. म्हातारीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि बहिणींनी टाळ्या वाजवल्या. माझंही तोंड जरा हललं असावं. रित्सुको मात्र पाठ फिरवून नाक पुसत होती. सर्दी झाली असेल म्हटलं.

मग बांगड्याची पाळी आली. दादाला आधी काढायचं कबूल केलं होतं, म्हणून मी आत शीतकपाटाकडे गेलो. बांगड्याचा डबा एकच. झाकणावर मिचिओच्या अक्षरात तारीख, आजची. खालचा खण बघितला, मागे हात घालून बघितलं. कोळंबी, माकुल, अंडं. दुसरा डबाच नाही.

सातोए तिथंच पाठमोरी समुद्रशेवाळाच्या पट्ट्या कापत होती.

"मंगळवारचा बांगडा कुठाय गं?" मी विचारलं.

"तो? तो कालच संपला की, भाऊजी. तुम्हीच नाही का शेवटचा तुकडा त्या जर्मन पोरींना दिलात? आज सगळं ताजं आहे. आजच्या दिवशी तरी सगळं ताजं असावं, असं हे म्हणाले."

आजच्या दिवशी तरी.

कपाटाचं दार उघडंच राहिलं होतं, थंड हवा पोटावर येत होती. दादा आजचा दिवस चालेल. लोक नाकं मुरडतात. परवा त्या बाईनं लिहिलं. अरे, परवाच्या बाईला तर बांगडा दिलाच नव्हता, तिला मासळी चालत नव्हती, काकडीवर भागवलं होतं. तिनं लिहिलं ते माझ्यावर. म्हातारा अंगावर येतो, असं काहीसं. आणि उद्याचं नवीन तयारच आहे. तयार कुणी केलं? मी! अर्धं वर्ष रित्सुकोची बोटं धरून धरून मी तयार केलं.

आणि त्यावर मी म्हणालो होतो, कालच काढला असता. वास सुटतो, म्हणालो होतो.

"दार लावा हो, भाऊजी," सातोए म्हणाली. मी दार लावलं आणि ताजा बांगडा घेऊन बाहेर आलो.

अर्धा तास उरला होता. तो कसा गेला ते विचारू नका. हात त्यांचं काम करत होते. बांगड्याची साल कशी ओढायची, सुरी कुठून धरायची, तोंड बोलत होतं, रित्सुको इंग्रजी करत होती. ती माझ्याकडे बघत नव्हती आणि मी तिच्याकडे बघत नव्हतो. शेवटी सगळ्यांच्या पुढ्यात आपापली ताटं आली, फोटो झाले, खाणं सुरू झालं, आणि मिचिओ बाहेर आला. नवा सदरा घालून. मागे सातोए, हातात फुलं.

मिचिओ बोलला, रित्सुकोनं इंग्रजी केलं. माझे थोरले बंधू इवाओ यांचा आज शेवटचा वर्ग. एकोणपन्नास वर्षांच्या सेवेनंतर ते आपण होऊन निवृत्त होत आहेत. नव्यांना जागा द्यावी, असं त्यांनीच आज सकाळी मोठ्या मनानं सांगितलं.

आपण होऊन!

माझ्या तोंडाशी आलं होतं. खोटं आहे, मी बांगड्याबद्दल बोलत होतो, असं ओरडायचं होतं. आठ माणसं समोर, आठांच्या तोंडात बांगडा. रित्सुको विचारणार, बांगड्याचा काय संबंध. मग मला सांगावं लागणार की आमच्यात शिळ्या माशाला दादा म्हणतात, रोज म्हणतात, तुमच्यासमोर म्हणतात. बापाच्या दुकानात एकाही गिऱ्हाइकाला तो शब्द कधी कळलेला नाही. तो मी उघडा पाडला असता तर मी वाचलो असतो की नाही कोण जाणे, दुकान मात्र गेलं असतं.

मी वाकलो. आभार मानले. टाळ्या झाल्या. अर्जेंटिनाच्या म्हातारीनं माझा हात हातात घेऊन काहीतरी लांबलचक सांगितलं. रित्सुकोला स्पॅनिश येत नाही, त्या तिघी बहिणींनी मदत केली. म्हातारीचं म्हणणं असं, की नशीबवान आहात, मला माझ्या नोकरीवरून काढून टाकलं होतं.

लोक गेले. रित्सुकोही गेली, दारात तीनदा वाकून. मी फळी पुसत होतो. मिचिओ समोर गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसला. आयुष्यात प्रथमच बसला असेल तिथं.

"मी बांगड्याबद्दल बोलत होतो," मी म्हणालो.

तो नव्या सदऱ्याची बाही नीट करायला लागला.

"सकाळी. मी मंगळवारच्या बांगड्याबद्दल बोलत होतो, मिचिओ."

"माहितेय," तो म्हणाला.

माझा हात थांबला. "कधी कळलं?"

"तेव्हाच. कालच काढला असता म्हणालास ना, तेव्हा. स्वतःबद्दल कुणी असं बोलतं का, दादा?"

"आणि तरी वाकलास?"

"एक वर्ष झालं, तोंड उघडायचा प्रयत्न करतोय. तू ऐकून घेतलं असतंस? सुरी फेकली असतीस. पुन्हा काही तू इतक्या सहज हो म्हटलं नसतंस."

"रडलास ते?"

"ते खरं होतं."

मला वाटतं मी त्याला तिथंच हाणला असता. लहानपणी हाणायचो. सख्खा भाऊ, चिमटा पडण्याएवढ्या वेळात त्यानं सगळं ओळखलं, माझ्याच शब्दांनी मला बांधलं आणि वर उपकार मानले. या माणसाला मी पाठीवर घेऊन शाळेत सोडत होतो. नीच, मी म्हणणार होतो. तोंडही उघडलं.

तेवढ्यात आतून सातोएचा आवाज आला. "भाऊजी, उद्याचा भात तेवढा तुम्हीच लावाल ना? आतच, पडद्यामागे. रित्सुकोला व्हिनेगरचा अंदाज अजून येत नाही."

मिचिओ खाली बघत होता. फळी ओली होती, फडकं माझ्या हातात होतं, तोंड उघडंच होतं.

"किती माणसं आहेत?" मी विचारलं.

"बारा," ती म्हणाली.