लाभाचं माप

चितेगाव मागं पडलं तेव्हा स्कॅनरवर एकशे आठ अंश होतं, आन् पुढचा ढाबा येईस्तोवर एकशे सतरा. ज्ञानेश्वरीनं एक डोळा रस्त्यावर ठेवलेला आन् एक त्या आकड्यावर, म्हणजे धड इकडं नाय आन् धड तिकडं नाय. एक टेम्पोवाला शिव्या घालत गेला, तिला ऐकूसुद्धा आल्या नाय.

"उतर ना खाली," ती आकड्याला म्हणली.

आकडा ऐकतोय व्हय! एकशे एकोणीस.

तिनं गाडी वळवली. आता बघा, इंजिन गरम असतं तर गोष्ट वेगळी. रेडिएटर बघितला असता, पाणी बघितलं असतं. इंजिन तर गारेगार होतं. तापत होता तो गिअरबॉक्स, ऑटोमॅटिक. आन् हा गिअरबॉक्स तिनं सोता खोललेला. अख्खा टेबलावर मांडून, जळलेल्या प्लेटा फेकून नव्या घातल्या, सगळी सीलं नवी, एकेक तुकडा धुवून-पुसून परत बंद केला. तिच्या हातचा पहिला.

गारखेड्यात सूतगिरणी चौकाच्या आत सोमनाथचं गॅरेज हाय. तिथं आधी ऑटोमॅटिक आली की सोमनाथ हात वर करायचा आन् बॉक्स काढून पुण्याला पाठवायचा. ज्ञानेश्वरी आयटीआय करून आली, ब्रेक-क्लचवर लागली, आन् रोज त्याच्या मागं भुणभुण, "दादा, एक मला खोलू द्या. दादा, एकच." शेवटी तो कंटाळून म्हणला, "बरं बाई, कर. जमलं तर ते टेबल तुझं. नाय जमलं तर परत पुणे, आन् तू परत ब्रेकवर. मग नाव काढायचं नाय."

जमलं होतं हो! गाडी गेली पण होती. आन् आज सकाळी बिडकीनहून गाडीच्या मालकाचा फोन. कडूबा शेट. माणूस मोठ्या शेतीवाडीचा, आवाज त्याच्याहून मोठा.

"सोमनाथ, गाडी तापतीय. लाल दिवा लागतोय. पोरगं आणून सोडतंय, बघून घ्या. चार वाजता मी येतो. बरी झाली तर झाली, नाय तर टोचन लावून पुण्याला नेतो. आन् त्या पोरीला सांग, मेंढरं वळणं वेगळं, गिअरबॉक्स वळणं वेगळं!"

फोन स्पीकरवर होता. ज्ञानेश्वरीचा बाप मल्हारराव अजून मेंढरं घेऊन रानोमाळ असतो, हे कडूबा शेटला ठाऊक. तिनं पाना उचलला आन् उगाच पुसत बसली.

तर ती गाडी घेऊन परत आली तेव्हा दीड वाजून गेलेला. सोमनाथ दारातच.

"किती?"

"एकशे एकोणीस. गावात चालवली तर नव्वद-ब्याण्णव. मोठ्या रस्त्याला पळवली की चढतं."

"प्लेटा घसरत्यात?"

"नाय ना! गिअर मस्त पडतोय. लोण्यावानी."

"मग कूलर. तो धुतला होता का?"

"दोनदा."

"दोनदा धुतला तरी चोंदतो. बघ."

सोमनाथ माणूस वाईट नाय, पण घड्याळ बघायची त्याला खोड. बोलता बोलता घड्याळ, चहा पिता पिता घड्याळ.  ज्ञानेश्वरीला एकच भीती होती. आपण प्लेटांमधली फट कमी ठेवली असंल तर? तर त्या आतल्या आत घासणार, तापणार, आन् बॉक्स परत खाली. चार काय, उद्या चारपर्यंत होत नाय मग.

कोपऱ्यात स्टुलावर बद्रीनाथमामा बसलेले. हे सोमनाथचे सख्खे मामा, पण गॅरेजात सगळ्यांचेच मामा. लासूर स्टेशनच्या बाजारात मापारी होते. त्यांचा बाप पायलीनं धान्य मापायचा, मामा काट्यावर. गुडघे गेले तसे भाच्याकडं आले. आता इथं ऑइल मापायचं काम त्यांचं. वीस लिटरच्या बादलीतून लिटरच्या मापानं काढायचं, थेंब सांडू द्यायचा नाय. मामांनी मापलं की गॅरेजात परत कोणी लेवल बघत नसं. बघणं म्हणजे मामांचा अपमान!

"माये, दोन घास खाऊन घे," मामा म्हणले.

"नको मामा."

"चहा तरी?"

"नको म्हणलं ना!" ती खेकसली, आन् लगेच जीभ चावली. मामा चहाचा कप तिच्यापुढं टेबलावर ठेवून गेले. त्याच्यावर साय धरली तरी तिचं लक्ष नाय.

तिनं गाडी रॅम्पवर घेतली. गिअरबॉक्सचं गरम तेल एका पाईपनं समोर कूलरमधी जातं, गार होऊन दुसऱ्या पाईपनं परत येतं. ती परतीची नळी तिनं सोडवली आन् एका पांढऱ्या पारदर्शक कॅनमधी धरली.

"दादा, चालू करा! ... बास, बास, बंद!"

धार तर अशी जाड आली की कूलर चोंदलाय म्हणायला जागाच नाय. पण तेल? नवंकोरं लाल तेल घातलेलं, ते गुलाबी झालेलं. आन् वर हा जाड फेस. तिनं कॅन उन्हाकडं धरला. बारीक बारीक बुडबुडे, नुसते खदखदतायत. तिची आय, बानाबाई, शेळीची धार काढायची तेव्हा चरवीत असाच फेस यायचा. पण दुधाला फेस शोभतो. तेलात फेस म्हणजे तेलात हवा. आन् हवेनं काय गार होतंय? उलट तापतं.

तिनं नाकाला लावून बघितलं. जळका वास नाय. म्हणजे प्लेटा अजून जिवंत हायत. अजून!

"फेस हाय, दादा."

सोमनाथनं कॅन हातात घेतला आन् त्याचा चेहराच खुलला. "अरे मग झालं की! पंप हवा ओढतोय. तेल कमी हाय म्हणून ओढतोय. टाक वरून, विषय संपला."

"पण नऊ लिटर घातलंय. पुस्तकात नऊच हाय. मामांनी मापलंय."

"मामांनी बरोबरच मापलं असंल गं. एखादं लिटर गळालं असंल."

"गळालं असतं तर खाली दिसलं नसतं?"

"ज्ञानेश्वरी, अडीच वाजले! तुला टेबल पायजे का वाद पायजे? मामा, घ्या माप. दोन लिटर टाका."

हिला पटत नव्हतं. का पटत नाय ते सांगता पण येत नव्हतं, हे लई वाईट असतं. पायात नुसती वळवळ. तरी तिनं नळी परत जोडली, तेल घालायचं भोक उघडलं, लांब नळीचं नरसाळं लावलं आन् धरून उभी राहिली. मामा बादलीशी वाकले. माप बुडवलं, काठोकाठ भरलं, नरसाळ्यात ओतलं.

"लाभ," मामा म्हणले.

बाजाराची सवय. धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाय, लाभ म्हणायचं. हे ज्ञानेश्वरीला पण ठाऊक. लाभ, दोन, तीन, असंच तर चालतं.

मामांनी दुसरं माप भरलं. उचललं.

"एक," मामा म्हणले.

"थांबा!"

एवढ्या जोरात ओरडली की सोमनाथच्या हातातला मोबाइल पडला. मामांनी भरलेलं माप तसंच हवेत धरलेलं. थेंब सांडला नाय, हां.

"मामा, आता किती झालं?"

"एक होतंय की."

"आन् आधीचं?"

"ते लाभ."

"लाभ म्हणजेच एक ना?"

"बाजारात तसंच," मामा शांतपणे म्हणले. "गिऱ्हाइकाला लाभ म्हणजे एक. पण घरच्याला, नव्या कामाला, लेकीच्या घरी पहिलं धान्य पाठवताना, लाभ वेगळा आन् एक वेगळा. लाभ देवाचा, वरचा. माझा बाप असाच मापायचा."

ज्ञानेश्वरीनं नरसाळं काढून घेतलं. "मग मामा, या बॉक्सला पहिल्यांदा तेल घातलं, तेव्हा?"

"तेव्हा तर घातलाच की! तुझं पहिलं काम. पहिल्या कामाला कोण कोरडं माप देतं, माये?"

 तिला तो दिवस आठवला. ती गाडीखाली पाईप आवळत होती, वर मामा एकेक माप ओतत होते, आन् शेवटी त्यांनी "नऊ!" म्हणून आवाज दिला. मग तिनं चावी फिरवली, गाडी पहिल्या झटक्यात पुढं सरकली, आन् ही नाचली! खालचा लेवलचा नट उघडून बघायचा असतो, ते त्या नाचण्यात गेलं वाहून. बाप तिचा मल्हारराव, दुसऱ्यानं मोजलेली मेंढरं कधी वाड्यात घेत नसं. म्हातारीनं मोजू दे, भावानं मोजू दे, हा परत दारात उभा राहून सोता मोजणार. आन् त्याची लेक?

"दादा, तेल कमी नाय. जास्ती हाय. आतले गिअर तेलात बुडून ताक घुसळल्यावानी घुसळतायत. पळवली की जास्त घुसळतंय, जास्त फेस, जास्त ताप. म्हणून तर गावात तापत नाय!"

सोमनाथनं मामांच्या हातातलं भरलेलं माप परत बादलीत ओतलं. "आन् मी अजून दोन टाकत होतो," एवढंच म्हणला.

आता नट उघडायचा तर तेल कोमट पायजे, आन् गाडी तर आत्ताच तापून आलेली. मग काय, थांबा! ती गाडीला फेरी मारती, स्कॅनर बघती, परत फेरी. सत्तर. पासष्ट. सोमनाथ घड्याळ बघतोय. मामा स्टुलावर, माप मांडीवर, मान खाली. अठ्ठावन्न. तिनं टेबलफॅन ओढून बॉक्सखाली लावला. सोमनाथ हसला, "लुगडं पण नेसव त्याला." पण फॅन त्यानंच जवळ सरकवला.

चाळीस झालं तशी ती खाली घुसली. गाडी चालू ठेवून लेवलचा नट सोडला. बरोबर असतं तर बारीक धार येऊन थेंब-थेंब झाली असती. इथं असा फवारा आला की बाही कोपरापर्यंत लाल. पातेलं निम्मं भरलं तरी धार चालूच. मग बारीक झाली. मग तुटली. मग थेंब. एक थेंब, मग थांबून दुसरा.

तिनं नट आवळला. मामांनी पातेल्यातलं तेल न सांगता मापून बघितलं. दोन मापं भरली. दोन्ही लाभ, तेव्हाचा आन् आत्ताचा.

कडूबा शेट चाराच्या आधीच हजर. टोचनचा दोर सोबत आणलेला, दाखवायला.

"बसा शेट," ज्ञानेश्वरी म्हणली. "तुम्हीच चालवा. मी आकडा वाचते."

मामा पण मागं चढून बसले. कोणी बोलावलं नव्हतं. महानुभाव आश्रम चौक, नक्षत्रवाडी. अठ्ठ्याऐंशी. शेटनं मुद्दाम पाय दाबला. नव्वद. चितेगाव आलं, गेलं. ब्याण्णव. तिला वाटलं आता चढंल, आत्ता चढंल. ढाबा आला. ब्याण्णव. शेटनं एसी लावला, एक ट्रक मागं टाकला, एक बस मागं टाकली. त्र्याण्णव. परत ब्याण्णव. तिनं स्कॅनरवर बोटानं टकटक केलं, बंद तर पडला नाय ना!

"काय होतं मग?" शेटनं विचारलं.

मागून मामांनी खाकरून घसा साफ केला. "शेट, ते मी..."

"तेल जास्ती पडलं होतं," ज्ञानेश्वरी मधीच म्हणली. "शेवटी लेवल बघायचं काम माझं होतं. मी बघितली नाय."

"म्हणजे चूक तुझी?"

"व्हय."

शेटनं तिच्याकडं बघितलं, मग आकड्याकडं, मग रस्त्याकडं. "आन् परत तापली तर?"

"तर तुमचा दोर हायच की. पण नाय तापणार. मेंढरं बी मोजूनच आत घ्यावी लागत्यात शेट. आज मोजलीत."

शेट फुसकन हसला. बिडकीनला चहा पाजूनच सोडलं त्यानं, आन् पोराला मोटारसायकल देऊन म्हणला, "यांना बसस्टँडला सोड." दोर मात्र गाडीतच ठेवला, इमानदारीत सांगायचं तर.

परत आल्यावर सोमनाथनं टेबलावरची ब्रेकची पेटी उचलून दुसरीकडं ठेवली आन् म्हणला, "उद्या वाळूजहून एक येतीय. ऑटोमॅटिक." आन् घड्याळ बघत गेला निघून.

मामांनी माप फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलेलं. ज्ञानेश्वरीनं ते काढलं आन् त्यांच्या हातात दिलं.

"उद्या तुम्हीच मापायचं."

"नको माये. माझ्या तोंडातून पहिलं एक निघत नाय."

"मग काढू नका. लाभ टाका खुशाल. नट मी उघडणार. खाली पातेलं ठेवते, वरचं असंल ते पडंल त्याच्यात."

मामांनी माप उलटं करून बघितलं. तळाशी एक लाल थेंब राहिलेला. तो त्यांनी बोटानं पुसून बादलीच्या काठाला लावला.

"मोठं ठेव," ते म्हणले. "पातेलं."