म्हातारीवर बसायचं ठरलं होतं

आमच्या खोऱ्यात दोन लिफ्ट. जुनी दोन माणसांच्या खुर्च्यांची, तिला सगळे म्हातारी म्हणतात. वर पोचायला पाव तास घेते आणि प्रत्येक खांबापाशी कण्हते. समोरच्या सावलीतल्या उतारावर नवी, सहा जणांची. तिच्यावर बूड टेकतंय न टेकतंय तोच वर, चार मिनिटांत.

माझ्या नवऱ्याला, कोर्बिनियनला, विक्रम करायचा होता. उजाडल्यापासून अंधारेपर्यंत स्कीवरून जास्तीत जास्त उंची उतरायची. लिफ्टने वर जायचं, सुसाट खाली यायचं, पुन्हा वर. मोजतात ते उतरणं, चढणं नाही. आणि हे कधी, तर बावन्नाव्या वर्षी! आदल्याच वर्षी इन्सब्रुकला त्याच्या हृदयात स्टेंट घातला होता. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, स्की कर, पण प्रत्येक उतारानंतर बस. नीट बस, श्वास जाग्यावर येईपर्यंत.

मी थयथयाट केला. "तुला हा कसला किडा चावला रे?"

"शेजारच्या खोऱ्यातला आलोइस जत्रेत मला आजोबा म्हणाला. सगळ्यांसमोर."

"मग आहेसच की आजोबा! दोन नातवंडं काय दुसऱ्याची आहेत?"

तो हसला, पण हट्ट सोडेना. या माणसाच्या हसण्यावर मी तीस वर्षं फसत आलेय. शेवटी म्हटलं, कर बाबा, पण म्हातारीवरच कर. दर फेरीला पाव तास तरी खुर्चीत बसशील. मी वर सूप घेऊन उभी राहीन. स्वयंपाकघरातल्या क्रूसावर हात ठेवून त्याने शब्द दिला.

त्याचा दोस्त लेन्झ त्या संध्याकाळी स्टॉपवॉच घेऊन आला. आठवडाभर दोन्ही लिफ्टवर चढून-उतरून वेळा घेत होता.

"वहिनी, म्हातारीवर अर्धा दिवस बसण्यातच जाईल."

"बसायलाच तर निवडलीय तिला!"

"नवीचा उतार खडा आहे. खाली यायला वेळ लागत नाही, वर जायला लागत नाही. म्हातारीवर विक्रम होणारच नाही, मी सांगतो."

"मग नाही होणार. जग बुडतंय का?"

"ठरलंय, लेन्झ," कोर्बी म्हणाला. "म्हातारी." बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता. मी भाकऱ्या थापाव्या तशी डम्पलिंग थापत बसले, चिडून.

ठरल्या दिवशी मी पहिल्याच खुर्चीने वर गेले. थर्मासमध्ये सातूचं सूप होतं, खिशात सुका मेवा. म्हातारी एकेक खुर्ची वर आणून सोडत होती. एकीत शाळेची मास्तरीण, एकीत कोणी परका. कोर्बी नाही. वाटलं, बूट आवळत बसला असेल. मग वाटलं, शहाणपण सुचलं, घरी झोपलाय. त्यानंतर नुसत्या रिकाम्या खुर्च्या येत राहिल्या आणि मी त्या मोजत राहिले.

दुपार कलल्यावर सकाळपासूनचं धुकं हटलं. समोरच्या सावलीच्या उतारावर एक माणूस डावा खांदा पाडून खाली येत होता. असा खांदा पाडून अख्ख्या तिरोल प्रांतात एकच माणूस उतरतो. क्रूसावर हात ठेवून खोटं बोलला, मेला!

म्हातारीनेच खाली आले, पाव तास तिला आणि त्याला शिव्या घालत. मग बस धरून नव्या लिफ्टच्या पायथ्याशी पोचले. बर्फ भुरभुरायला लागला होता. लेन्झ हातात वॉकीटॉकी घेऊन नाचत होता.

"वहिनी, रागावू नका! दोनच फेऱ्या राहिल्यात. दोन!"

तेवढ्यात कोर्बी खाली आला. चेहरा राखेसारखा, ओठ निळे. मी त्याची बाही धरली.

"शब्द दिला होतास ना रे?"

"दोन फेऱ्या, बुर्गी. मग तू म्हणशील तिथे बसतो. जन्मभर."

"आत्ता बस. इथे, माझ्या शेजारी."

त्याने हातमोज्याने माझा गाल थोपटला, बाही सोडवली आणि फाटकातून आत गेला. खुर्चीने त्याला उचललं. मी मोठ्याने रडले, लाज सोडून.

थोड्या वेळाने वॉकीटॉकी खरखरली. वरचा लिफ्टवाला बोलत होता, "तुमचा माणूस उतरलाच नाही. खुर्चीपुढचा बार उचलला नाही, मान खाली घालून बसूनच राहिला. दमलेला दिसतोय, त्याच खुर्चीत जाऊ दिला खाली."

"आता?" लेन्झ किंचाळला. "एवढ्याशासाठी? आता सोडून देतो म्हणजे काय!"

"गप रे!" मी ओरडले. "ऐकलं, ऐकलं एकदाचं माझं!" डोळे पुसले, थर्मासचं झाकण काढलं. सूप अजून गरम होतं. घरी नेऊन चांगली खरडपट्टी काढणार होते, पण आधी खाऊ-पिऊ घालून. रिकाम्या खुर्च्या खाली येत होत्या आणि मी कप भरून फाटकाशी उभी राहिले.

मग त्याची खुर्ची दिसली. खरंच बसला होता, मागे टेकून, नीट. मी हात हलवला. "बघ, कसं बरं वाटतं की नाही!" खांब ओलांडून खुर्ची जवळ आली. त्याच्या मांड्यांवर, हातमोज्यांवर, मिशीवर बर्फ साचला होता. त्याने तो झटकला नव्हता.