एका शालीच्या दोन बंड्या

आमच्या घरात कपडा जुना झाला म्हणून टाकून दिला, असं कधी झालं न्हाई. नातवाच्या जीन्सच्या भाजीच्या पिशव्या झाल्या, माझ्या लुगड्यांची पायपुसणी झाली, ह्यांच्या शर्टांचे उशांना अभ्रे झाले. सूनबाई ज्ञानेश्वरी मोबाईलवर व्हिडिओ दावती आन् म्हणती, "आत्याबाई, शहरात ह्याचे क्लास घेत्यात." घेईनात का! मला मशीनवर बसल्याबिगर अन्न गोड लागत न्हाई.

फकस्त एका कपाटाला हात लावायची चोरी हुती. आमचे मालक हौसराव लई वर्सं सोसायटीचे चेअरमन. जिथं जातील तिथं शाल-श्रीफळ. नारळ आम्ही खाल्ले, शाली कपाटात कोंबल्या. पांघरायच्या न्हाईत, कुणाला द्यायच्या न्हाईत. "मान हाय त्यो माझा," म्हणायचे. मानाला डांबरगोळीचा वास मारत हुता, पर बोलणार कोण?

औंदा इलेक्शनला ह्यांचे जिवाभावाचे दोस्त बबनराव समोर उभे राहिले आन् निवडून आले. एका विहिरीत पोहायला शिकलेली ही दोघं. झालं, बोलणं बंद! बबनभावजी रोज सकाळी आमच्या ओसरीवर च्याला यायचे, त्ये बी बंद. माझ्या हाताला मातूर दोन कपांची सवय. त्यो दुसरा कप मीच पिऊन पिऊन पित्त वाढवून घेतलं. लई वाईट वाटायचं बघा.

थंडी पडली आन् हे खोकायला लागले. म्या म्हणलं, चुलीत गेला त्यो मान! कपाटातली एक तपकिरी शाल काढली, तांबड्या काठाची, लोकरीची. निम्मी कापली आन् ह्यांना झकास बंडी शिवली. एक खिसा मोबाईलला, एक तंबाखूच्या चंचीला.

"शिरूरच्या बाजारातनं आणलीस व्हय?" ह्यांनी इचारलं.

"व्हय," म्या म्हणलं. गावभर मिरवली की! पर कापड कुठलं त्ये काय वळखलं न्हाई.

आन् एक दिस सकाळीच हुकूम सुटला. "मुक्ते, ती बबन्यानं दिलेली तपकिरी शाल काढ. मी पयल्यांदा चेअरमन झालो तवा त्यानं माझ्या खांद्यावर टाकली हुती. आज त्याचा सत्कार हाय. समद्या गावाम्होरं म्हणणार, तुझी शाल तुला परत. फिटलं. आता तुझा माझा संबंध संपला."

असं म्हणत हुते आन् तीच शाल अंगात! हसावं का रडावं कळंना. पर एक कळत हुतं, चारचौघांत ह्यो शब्द त्वांडातनं निघाला तर बबनभावजी पुन्हा आमच्या ओसरीवर पाय ठेवणार न्हाईत.

"इस्त्री करून पिशवीत घालते. तुमी आंघोळ उरका," म्या म्हणलं.

उरलेली निम्मी शाल काढली आन् मशीनवर बसले. भावजींचं पोट माझ्या ध्यानात हुतं. कापड कमी पडलं तवा बगलेत माझ्या जुन्या खणाच्या चोळीच्या पट्ट्या जोडल्या. बंडी पिशवीत घातली, वर नारळ ठेवला आन् पिशवी ह्यांच्या हातात दिली. देवाला म्हणलं, आता तूच बघ बाबा.

सोसायटीच्या हापिसाम्होरं मांडव हुता. आम्ही बाया मागं बसलो. हे माईकवर गेले. "बबनराव, तुम्ही मला एक शाल दिली हुती," म्हणत पिशवीत हात घातला, तर बंडी बाहेर आली!

हे बंडीकडं बघायला लागले. मग सोताच्या छातीकडं. मग मागं माझ्याकडं. बबनभावजी म्होरं आले, तांबड्या काठावर हात फिरवला. "हौश्या, ही माझी शाल की रं. तू अंगात घातलीस व्हय?"

माझ्याच्यानं बसवलं न्हाई. उठून म्हणलं, "भावजी, एका शालीच्या दोन बंड्या झाल्या. एक ह्यांना, एक तुमाला. कपाटात कसर लागण्यापरीस अंगाला लागली."

लोक हसायला लागले. ह्यांनी माईक पुन्हा त्वांडाजवळ धरला. "बबन्या, तुझी शाल तुला परत," म्हणाले, आन् म्या डोळंच मिटले. "पर निम्मीच. निम्मी मला लागती."

टाळ्यांत पुढचं काय ऐकूच आलं न्हाई. भावजींनी तिथंच बंडी अंगात घातली. खिसा चाचपून म्हणाले, "चंचीला जागा हाय, पर तंबाखू कुठाय?" ह्यांनी आपल्या खिशातली चंची काढून त्यांच्या हातावर ठेवली. मी पदरानं डोळं पुसत हुते आन् हसत बी हुते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर बघते तर दोघं बंड्या घालून शेजारी शेजारी बसल्यात. भावजींच्या पायाशी ह्ये भलं मोठं गाठोडं.

"वहिनी," भावजी म्हणाले, "माझ्या बी घरात लई मान साठलाय. बघा काय निघतंय का."

"निघंल की," म्या म्हणलं आन् चुलीवर दोन कप च्याचं आधण ठेवलं. त्यातला एक बी माझ्या वाट्याला आला न्हाई.