भैयाजी महाराजांचे प्रश्न

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात देवळीच्या मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. भैयाजी महाराजांनी आनंदाबाईला समोर बसवून दरडावलं, "काल रात्री काय खाल्लं? आज वार कोणता?"

म्हातारी नुसती डोळे मिचकावत राहिली.

"देखो! बाधा बोलूच देत नाही!"

कपाळाला अंगारा, कानात फुंकर, एक लांबलचक हुंकार. मग लाडानं, "माय, माहेर कोणतं?"

"तळेगाव!"

"वरातीच्या बंडीले बैल कोणते?"

"मोऱ्या न् चांद्या. चांद्या लय मारकुटा व्हता!"

मंडप दणाणला. मुलगा रूपराव ढसाढसा रडला. सून नलूनं मनातल्या मनात खातं बंद केलं: सासूची बाधा, निकाली.

गफलत झाली ती तिथंच. अल्लीपूरला घरी परतल्यावरही आनंदाबाई जेवून हात धुवायची आणि ओसरीवर जाऊन शेजारणीला सांगायची, "सुनेनं मले जेवाले नाई देल्लं." आधी हे बाधेच्या नावावर खपायचं. आता बाधाच उरली नव्हती, म्हणजे हे सोंग!

"काऊन बदनाम करून राह्यल्या मले?" नलू एका संध्याकाळी कडाडली. "नाई देल्लं म्हणता ना? मंग आज खरंच नाई भेटत!"

त्या रात्री म्हातारी उपाशीच झोपली.

दुसऱ्या दिवशी शाळेत डोळे तपासायचं शिबिर होतं. नलू सासूला घेऊन गेली. आजी तेच तेच विचारते हे डॉक्टर पद्माताईंच्या ध्यानात आलं. "आजी, तीन शब्द लक्षात ठेवा. विळा, लिंबू, कंदील."

आनंदाबाईनं ते खणखणीत म्हटले. डोळे बघून झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "कोणते शब्द होते?"

"कोणते शब्द, बाई?"

"सोंग हाय," नलू म्हणाली. "महाराजाले तं सारं फटाफट सांगतलं."

"आधी काय विचारलं त्यांनी? आणि मग?"

नलूनं सगळं सांगितलं. पद्माताई हसल्या. "आजी, माहेर?"

"तळेगाव!"

"आणि बैल?"

"मोऱ्या न् चांद्या. चांद्या लय मारकुटा व्हता!"

"बघा, अंगाऱ्याशिवाय मीही महाराज झाले. आता आजी, आज सकाळी काय खाल्लं?"

आनंदाबाई भांबावली. "मले कोणी जेवाले नाई देल्लं."

"हा विसरण्याचा आजार आहे. यात ताजी आठवण आधी जाते, जुनी मागून," पद्माताई म्हणाल्या. "महाराज अंगाऱ्याआधी ताजं विचारतो, नंतर जुनं. चमत्कार तेवढाच. आपण रक्त तपासू, दुसरं कारण निघालं तर औषध देऊ. नाहीतर सांभाळून घ्यायचं. पण ती खोटं बोलत नाही, बाई. जेवल्याचं तिच्यापाशी उरतच नाही."

नलूची मान वर होईना. सासूचं ते वाक्य एकदाच खरं ठरलं होतं, आणि ते खरं करणारी तीच होती. माफी मागावी, तर जिची मागायची तिला काल रात्रच आठवत नव्हती.

संध्याकाळी हात धुवून आनंदाबाईनं विचारलं, "नले, मी जेवली काय वं?"

"जेवल्या, आत्याबाई," नलूनं भाकरीची टोपली पुढं ओढली. "अजून वाढू थोडं?"

देवळीच्या मंडपात अजून गर्दी असते. जायचं त्यांनी खुशाल जावं. फक्त महाराजांना प्रश्न उलटे विचारायला सांगावं. आधी माहेर, मग अंगारा, मग कालची भाजी. आणि घरी आल्यावर म्हातारं माणूस विसरलं, तर त्याचं ताट काढून घेण्याआधी त्याला डॉक्टरकडे न्यावं.