डाव्या हाताची बटणं

कविताने ‘रघ्या’ लिहायला बोटं चालवली आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी उमटली. तिने पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खिचडी. बटणांवर चिकटवलेली मराठी अक्षरं होती तिथेच होती, बोटंही नेहमीच्या जागी पडत होती. तरी ‘र’ दाबला की ‘र’ येत नव्हता. समोरच्या बाकावर वांगणीचा रघ्या पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. त्याच्या पाड्यावरचा हातपंप बंद पडला होता आणि त्याचा अर्ज आजच द्यायचा होता.

जव्हारच्या एसटी स्टँडजवळचं हे झेरॉक्स-टायपिंगचं दुकान जानकीकाकूंचं. टायपिंगची खुर्ची मात्र कविताची. कविता सूर्यमाळची. लहानपणी आईबाप वीटभट्टीवर गेले तेव्हा माती मळायच्या यंत्रात तिचा उजवा हात गेला. अंगठा आणि शेजारचं एक बोट तेवढं वाचलं. अशी पोर टायपिंगला बसवली म्हणून गावाने काकूंना नावं ठेवली होती, आणि मग तेच गाव अर्ज लिहून घ्यायला तिच्यासमोर निमूट बाकावर बसू लागलं. लोकांचं काय, घोड्यावर बसणाऱ्याला हसतात आणि पायी चालणाऱ्यालाही हसतात.

ती लिहायची झरझर. रोज लागणारी सगळी अक्षरं डाव्या हाताखाली होती. उजव्या हाताच्या त्या दोन बोटांकडे जागा सोडायचं आणि शिफ्टचं बटण दाबायचं, एवढंच काम. काकूंच्या भाच्याने, केयूरने, दुकानाच्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स घालून दिलं होतं, आणि लिनक्सवर बटणं अशीच असतात हे त्यानेच तिला सांगितलं होतं. दुसऱ्या कॉम्प्युटरला तिने कधी हातही लावला नव्हता. त्यामुळे सगळ्या दुनियेत असंच असणार, असं ती धरून चालली होती.

बिघाड कुठे झाला ते उघड होतं. जुनी डिस्क फारच घरघर करू लागली होती, म्हणून दुकानात झेरॉक्स काढणाऱ्या तन्मयने काल सुट्टीच्या दिवशी नवी बसवून सगळं नव्याने घातलं होतं. त्याआधी कविताने आपलं सामान स्वतःच्या हाताने पेनड्राइव्हवर काढून घेतलं होतं. तन्मय करतो म्हणाला, तर तिने त्याला हात लावू दिला नाही. दिवाळीनंतर पाड्यावरची माणसं भट्टीवर निघतात तेव्हा घरातलं काय न्यायचं त्याचं गाठोडं घरची बाईच बांधते, दुसऱ्याने बांधलं की हमखास तवा तरी राहतो नाहीतर मीठ. कॉम्प्युटरमध्येही तिच्या नावाचा ‘होम’ फोल्डर होता, म्हणजे घरच. ते घरच तिने अख्खं उचललं आणि निश्चिंत झाली.

तन्मय आला, खुर्ची ओढून बसला आणि सेटिंग उघडून बघू लागला. मराठी बटणांच्या ज्या काही मांडण्या होत्या त्या त्याने एकेक लावून पाहिल्या. एकही तिची नव्हती. त्यांतली नेहमीची सगळे वापरतात ती तिने लावून पाहिली. त्यात निम्मी अक्षरं उजवीकडे, जिथे तिची दोनच बोटं होती. एका हाताने कीबोर्डच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावताना एक ओळ लिहायला इतका वेळ गेला, की रघ्याने दोनदा घसा खाकरला.

“बाय, आज नाय झालं तर परत कधी येऊ मी? गाडी एकच हाय,” तो म्हणाला.

कविताने त्याला बसायला सांगितलं. ही खुर्ची गेली तर पुढे काय, हे तिला कोणी समजावून सांगायला नको होतं. चिखलात भाताची लावणी, उन्हाळ्यात डोक्यावर हंडे, कुठलंही काम घ्या, दोन धड हात लागतात. या एका जागी तिला कोणी हातांबद्दल विचारलं नव्हतं.

तन्मयला एक सुचलं. ज्या फोल्डरच्या नावाआधी टिंब असतं तो लपलेला असतो आणि सेटिंग त्यातच राहतात, असं म्हणून त्याने कंट्रोल आणि एच दाबलं. तिच्या गाठोड्यात कधी न दिसलेले फोल्डर भराभर उघडे पडले. गाठोडं तिने घट्ट बांधलं होतं, नशीब. ते सामान जागच्या जागी ठेवल्यावर पडद्यावरचं सूर्यमाळच्या डोंगराचं चित्र परत आलं, अक्षरं मोठी झाली, खालच्या पट्टीत कीबोर्डचं नावही आलं. कविता हसली. पण बोट टेकवलं तर पुन्हा खिचडी. नाव आलं होतं, नावाचा धनी आला नव्हता.

शेवटी तन्मय म्हणाला, “ताई, ही मांडणी लिनक्समध्ये नाहीच. कुठेच नाही.”

कविता चिडली. गेली कित्येक वर्षं काय ती हवेत लिहीत होती का, असं तिने त्याला सुनावलं आणि काकूंच्या फोनवरून सरळ केयूरला लावला. केयूर आता पुण्यात नोकरीला होता. तिने घडलेलं सांगितलं आणि हा तन्मय काय बोलतो बघा, म्हणून गाऱ्हाणंही केलं. 

“तो बरोबर बोलतोय,” केयूर म्हणाला. “ती लिनक्सची नव्हती, कविताताई. मी केली होती.”

मग तो तन्मयशी बोलला. मांडणी घरात नव्हतीच. यंत्राचं जे सामाईक सामान असतं, त्यातल्या ‘सिंबल्स’ नावाच्या फोल्डरात त्याने ती मुद्दाम ठेवली होती. घरात फक्त ‘हीच लावा’ एवढा निरोप होता. कोणी चुकून कविताचं खातं पुसलं तरी तिची बटणं जाऊ नयेत, म्हणून त्याने ही खबरदारी घेतली होती. आणि नेमकी तीच नडली. नवं सगळं घालताना सामाईक सामान जुन्या डिस्कबरोबर बाहेर गेलं होतं. स्वतःजवळ त्याने नक्कल ठेवली होती, पण तो लॅपटॉप कधीच मोडीत निघाला होता.

म्हणजे जुनी डिस्क हवी. भंगारवाला सकाळीच येऊन गेला होता. कविताने काकूंकडे पाहिलं.

काकू शांतपणे उठल्या आणि देवाच्या फळीवरून ती डिस्क घेऊन आल्या. डिस्कवर हळदीकुंकवाचा डाग होता. खंडेनवमीला दुकानातल्या प्रत्येक हत्याराची पूजा व्हायची. ज्याला एकदा कुंकू लागलं ते पुढचा दसरा होईपर्यंत भंगारात द्यायचं नाही, हा काकूंच्या सासऱ्यांपासूनचा नेम. कॉम्प्युटर उघडायला लावून आतल्या डिस्कच्या पेटीलाही त्या कुंकवाचं बोट टेकवायच्या. त्यावरून तन्मयने त्यांची दर वर्षी थट्टा केली होती. आज त्याने ती डिस्क दोन्ही हातांत घेतली.

घरघर करत का होईना, डिस्क चालली. केयूर फोनवरून एकेक फोल्डर सांगत गेला, तन्मय त्यात उतरत गेला, आणि सिंबल्समध्ये ती फाइल सापडली. नव्या डिस्कवर तशाच जागी ठेवून कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. कविताने डावा हात ठेवला. ‘रघ्या’ आला. पाठोपाठ त्याच्या बापाचं नाव, पाडा, हातपंप, सगळं सरळ ओळीत आलं. रघ्या अर्ज घेऊन गाडी सुटायच्या आत गेला. तन्मयने, न विचारता, त्या फाइलच्या दोन नकला करून ठेवल्या.

गिऱ्हाइकं जरा ओसरल्यावर तिने केयूरला पुन्हा फोन केला. आभार मानायला केला होता, पण तोंडून आधी भलतंच निघालं. ‘ळ’ तुम्ही पहिल्या बोटाखाली का ठेवलात, असं तिने विचारलं. तो म्हणाला, तुमच्याकडे मंगळी, काळी, ढवळू, गावाचं नाव सूर्यमाळ, सारखा लागणार होता तो. त्यासाठी त्याने तिच्या भागातल्या माणसांचे जुने अर्ज चाळले होते. दिवाळीची अख्खी सुट्टी त्याने यात घालवली होती, आणि ती समजत होती की हा पोरगा कॉम्प्युटरवर खेळतोय.

“मग मला तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“तुम्ही पहिल्या दिवशी उजवा हात ओढणीत गुंडाळून बसला होतात,” केयूर म्हणाला. “तुमच्यासाठी वेगळं केलंय म्हटलं असतं, तर तुम्ही उठून गेला असतात. कॉम्प्युटर असाच असतो म्हटलं, तर तुम्ही हात बाहेर काढलात.”

कविताला तो दिवस आठवला. हात लपवायचं आपण नंतर कधी सोडलं, ते मात्र आठवेना. लोकांच्या अर्जांखाली ‘आपली आभारी’ लिहून लिहून तिची बोटं झिजली होती, पण स्वतःच्या वतीने तिने ते कधीच लिहिलं नव्हतं.

“केयूरभाऊ, तुमचे उपकार झाले,” ती म्हणाली. “फार मोठे झाले.”

आणि उरलेल्या गिऱ्हाइकांदेखत ती रडली, आणि उजव्या हाताने तिने डोळे पुसले.