कापलेली ओळ

"औषधाच्या मापाचे फोटो नका पाठवू कुणाला, लिंक पाठवा. फोटोला आगापिछा नसतो," लस टोचून झाल्यावर सिस्टर म्हणाल्या होत्या. रडणाऱ्या पोरीला थोपटत मी "हो हो" म्हटलं आणि विसरले. कॉलेज शिकलेल्या बाईला हे काय सांगायचं!

गेल्या आठवड्यात पोरीला ताप आला. माझी रजा संपलेली, म्हणून बाबा घरी थांबले. आई गेल्यापासून पिटुकली हाच त्यांचा दिवस. ताप चढला तर मला फोन करा, असं बजावून मी गेले. दुपारी लवकर सुटून आले, तर बाबा खिडकीशी बसलेले. मांडीवर पोर, हातात ड्रॉपर.

"आलीस? तीन झाले, दोन राहिले."

"कसले तीन?"

"तापाच्या औषधाचे. पाच एमएल द्यायचं ना, आणि हा ड्रॉपर एकाच एमएलचा. चिमणीच्या चोचीनं हौद भरायचं काम!"

मी ड्रॉपर हिसकावला. "तुम्हाला पाच कुणी सांगितलं? फोन का नाही केलात?"

"तुझी मीटिंग असेल म्हटलं. ताईनं तक्त्याचा फोटो पाठवलाय की घरच्या ग्रुपवर. हॉस्पिटलचा आहे, खाली शिक्कासुद्धा आहे."

बाटली थेंबांची होती. चमच्यानं द्यायच्या सिरपपेक्षा कितीतरी कडक. मी बाटली, पोर आणि बाबा, तिघांना रिक्षात कोंबलं.

डॉक्टरांनी पोरीचं वजन केलं, हिशोब मांडला. "एवढ्यानं काही होणार नाही. थोडा वेळ इथेच थांबा, बघू. पण याच मापानं दिवसभर देत राहिले असते, तर लिव्हरवर आलं असतं." बाबा दाराशी उभे होते. त्यांनी ते ऐकलं.

मी बाहेर येऊन ग्रुपवरचा फोटो उघडला, तर वरची ओळ अर्धवट कापलेली. ताईला फोन लावला.

"मी काय विष पाठवलं का गं? चांगल्या हॉस्पिटलच्या साइटवरचा तक्ता आहे."

"मग वरची ओळ कुठाय?"

"ती होय? बाबांना बारीक दिसत नाही ना, म्हणून कापली. तक्ता मोठा दिसावा म्हणून."

"साइट उघड आणि वाच ती ओळ. मोठ्यानं."

ती वाचू लागली, आवाज खाली खाली जात राहिला. "फक्त चमच्यानं द्यायच्या सिरपसाठी. थेंबांच्या बाटलीसाठी वापरू नये."

मग, "चांगल्या मनानं पाठवलं गं मी."

"चुलीत घाल तुझं चांगलं मन!" कॉरिडॉरमधली सगळी माणसं वळून बघायला लागली. बघू देत.

ग्रुपवर मामांनी लिहिलं, 'झालं ते झालं, विषय वाढवू नका.' खाली सगळ्यांची फुलं आणि जोडलेले हात. का नाही वाढवायचा? हॉस्पिटलनं नेमकं तेच सगळ्यात वर लिहिलं होतं, आणि आमच्या घरानं नेमकं तेच कापलं. ताईनं तो तक्ता तिच्या सोसायटीत आणि शाळेतल्या आयांनाही पाठवलाय. तिथून पुढे कुठे गेला, तिलाही सांगता येत नाही.

पोर बरी आहे. रांगत जाऊन बाबांचा पायजमा ओढते. ते हात मागे घेतात. "तूच घे गं हिला," म्हणतात, "माझा भरवसा नाही." तेव्हा माझं डोकं जे फिरतं, ते दिवसभर ठिकाणावर येत नाही.

तुमच्या घरी दुपारी बाळाजवळ कोण असतं? आजोबा, मावशी, सांभाळणारी बाई? त्यांना मेसेज टाकू नका, फोन करा. बाटली कुठली आहे आणि माप कुठून घेतलंय, ते विचारा. आत्ता विचारा.